एकदा सुलट, एकदा उलट

आत्याला कामावर सगळे आत्याच म्हणत. सख्खी आत्या ती एकट्या मालकाची होती, पण मालकच दिवसातून पन्नास वेळा "आत्या, जरा हे बघ" म्हणून हाका मारायचा, त्यामुळे सुतारापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. कारखाना म्हणायचं खरं, पण तो होता सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा एक मजला. जिना इतका अरुंद की वरून कोणी खोकं घेऊन उतरत असेल तर खालच्याने मुकाट्याने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. वर चार खोल्या आणि सहा माणसं. आणि तिथे काय बनायचं, तर हेडफोन.

आता हेडफोन म्हटल्यावर नाक मुरडू नका. रस्त्यावर ढिगाने मिळतात आणि महिन्याभरात एका कानाने मुके होतात, तसले नव्हेत. गाणारे, वाजवणारे, स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारे, आणि गाण्याच्या वेडापायी घरच्यांची बोलणी खाणारे शौकीन लोक नाव नोंदवून तीन तीन महिने थांबायचे, तसले. सुतार लेथवर लाकडी वाट्या काढायचा. जिला सगळे गादीवाली म्हणत, ती कानावर टेकणाऱ्या मऊ गाद्या हाताने शिवायची. दोघे जण तारा जोडायचे, भाचा यंत्रावर मोजमाप करायचा. आणि आत्या ऐकायची.

नुसतं ऐकायचं आणि त्याचा पगार देतात का, असं तिच्या नणंदेने एकदा चारचौघांत विचारलं होतं. नणंदच ती, विचारणारच. पण आत्याने न रागावता तिला समजावलं, आणि ते आपणही ऐकून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत आवाज काढणारी एक पातळ चकती असते. बाजारात तिला ड्रायव्हर म्हणतात. आत्याच्या नवऱ्याने उभा जन्म बस चालवलेली, म्हणून ती म्हणायची की घरी एक ड्रायव्हर, कामावर दोन दोन, आणि तिघांनाही वळण लावायचं ते मीच. या चकत्या एकाच साच्यातून निघाल्या तरी सख्ख्या बहिणींसारख्या असतात, दिसायला सारख्या आणि स्वभावाने निराळ्या. एक किंचित तिखट, दुसरी किंचित मवाळ. यंत्र त्यांचे गट पाडून द्यायचं, पण गटातून नेमक्या दोघी निवडून त्यांचा जोड लावायचा तो कानाने. जोड जुळला की गाणाऱ्याचा आवाज ना डावीकडून येतो ना उजवीकडून. तो बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये येऊन उभा राहतो. नाही जुळला तर एका बाजूला सरकतो, तांदळाच्या दाण्याएवढा का होईना. तो दाणा पकडणं हे आत्याचं काम. सव्वीस वर्षं ती ते करत आली होती.

तिला या कामाला बसवलं तिच्या दादाने, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी. कारखाना त्याचाच. आत्या तेव्हा गाद्या शिवायची. एकदा दादाने गंमत म्हणून तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, तर हिने बसल्या जागी सांगितलं की उजवी जरा किरकिरी आहे. दादाने यंत्रावर तपासलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातातला सुईदोरा सुटला. ऐकण्याची खोली सगळ्यात आतली. भिंतींना जाड पडदे, दाराला कापडाची झालर, मध्ये एक लांब बाक. बाकावर आत्या, आणि तिच्या उजव्या हाताला दादा. पंधरा वर्षं दोघे असे शेजारी बसले.

जोड तपासायला गाणी होतीच, पण पहिली कसोटी दादाच्या आवाजाची. त्याने स्वतःचा आवाज एकाच माइकवर रेकॉर्ड करून ठेवला होता, दोन्ही कानांत अगदी सारखा जाईल असा. त्यात फार काही नव्हतं. आधी थोडं घसा खाकरणं आणि मग सावकाश, "मी मधोमध आहे का? नसेन तर सांग." बस्स, एवढंच. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी कसोटी तीच राहिली. पहिले काही महिने हेडफोन चढवला की आत्याच्या डोळ्यांना धार लागायची आणि काम जागच्या जागी राहायचं. मग सवय झाली. पुढे पुढे तर शब्द डोक्यात शिरायचेच नाहीत, दादा कुठे उभा आहे तेवढं कळायचं आणि ती पुढच्या जोडाकडे वळायची.

दादाने एक शिस्त घालून दिली होती. प्रत्येक जोड एकदा सुलट ऐकायचा आणि एकदा उलट, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर घेऊन. दोष चकतीत असेल तर आवाज चकतीबरोबर बाजू बदलतो. दोष कानात असेल तर हेडफोन कसाही घाला, आवाज आपली बाजू सोडत नाही. दोन्ही वेळा ऐकून झालं की मगच डाव्या वाटीत, गादीच्या खाली, पेन्सिलने सही करायची. आत्याची सही म्हणजे नुसता 'आ'. गिऱ्हाइकाला तो कधी दिसायचा नाही, पण असायचा.

आणि या शिस्तीतच पाणी मुरलं. त्याचं कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. कारण होतं चष्मा. हेडफोन उलटा करताना दर वेळी काडी अडकायची, चष्मा नाकावर यायचा, अंबाड्याची पिन निघायची. कामाची घाई वाढली तशी आत्या एक आड एक जोड उलटा करू लागली. मग फक्त शंका आली तर. आणि गंमत अशी की शंका कधी आलीच नाही. आवाज आपला दर वेळी मधोमध. आत्या मनात म्हणायची की सव्वीस वर्षांचा कान आहे, आता काय त्याला उलटसुलट विचारायचं.

अशात एका सोमवारी एक हेडफोन परत आला. पाठवणारा साउंड इंजिनिअर जुना माणूस, दादाच्या वेळेपासूनचा. स्वभावाने इतका सौम्य की तक्रार करायची तरी आधी दोन ओळी माफी मागणारा. त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं की या हेडफोनवर त्याने एका गायिकेचं अख्खं रेकॉर्डिंग नीट लावलं, आणि दुसऱ्या स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर वाजवलं तर बाई उजवीकडे सरकलेली. म्हणजे हेडफोन तिला डावीकडे ओढत होता आणि हा तिला उजवीकडे ढकलत बसला होता. खाली लिहिलं होतं, "चूक माझीही असेल, पण गायिका मध्ये उभी राहत नाही. एकदा बघाल का?"

आत्याने गादी उचलून आपला 'आ' पाहिला. हेडफोन चढवला, दादाचा आवाज लावला, आणि तिचा पारा चढला. दादा अगदी मधोमध होता. सुतासारखा सरळ. तिने भाच्याला हाक मारून ऐकवलं की इंजिनिअरसाहेबांचं वय झालंय, त्यांना म्हणावं कान तपासून घ्या. भाच्याने यंत्रावर लावून पाहिला. किंचित फरक दिसत होता, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत. आत्या म्हणते म्हणजे तसंच, असं म्हणून त्याने मान डोलावली. त्याला दुसरीच घाई होती. एका संगीतशाळेसाठी सोळा हेडफोन खोक्यांत भरून तयार होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कुरिअरवाला यायचा होता. शाळेतली मुलं त्यावर ऐकून ऐकून शिकणार होती, म्हणून सगळ्यांनाच त्या कामाचं अप्रूप होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर आत्याने नवऱ्यापुढे सगळं पुन्हा ओकलं. नवऱ्याचं निवृत्तीनंतरचं आवडतं काम म्हणजे चहा पीत पीत ऐकून घेणं. त्याचाही उजवा कान जवळजवळ कामातून गेलेला. तीस वर्षं त्या बाजूला उघडी खिडकी आणि बाहेर रस्ता. त्यावरून आत्याने त्याला किती चिडवलं असेल याला गणती नाही. तो नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसायचा, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्याकडे यायचा. तिचं सगळं बोलून झाल्यावर तो कप खाली ठेवून म्हणाला, "रागावू नकोस, पण तू हल्ली फोन उजव्या कानाला लावतेस. आधी डाव्याला लावायचीस."

आत्या म्हणाली की मग काय झालं. तो म्हणाला की काही नाही, फक्त परवा मी गॅलरीतून हाक मारली, गॅलरी डावीकडे, आणि तू वळलीस ती उजवीकडे, फ्रिजकडे. यावर आत्या त्याला बरंच काही बोलली. बहिऱ्याने दुसऱ्याचे कान काढू नयेत, इथपर्यंत मजल गेली. तो हसला आणि कप धुवायला उठला. पण बोलणं जिव्हारी लागलं होतं. मागच्या हिवाळ्यात सर्दीने तिचा डावा कान पंधरा दिवस बंद होता. मग तो उघडला, आणि उघडला म्हणजे बरा झाला असं तिने धरलं होतं. त्याला आता आठ महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोहोचली. खाली सायकलवाला नुकतं शटर वर करत होता, त्याने आज लवकर कशा म्हणून विचारलं, पण ती तशीच जिना चढून गेली. आतल्या खोलीत जाऊन तिने दिवा लावला, चष्मा काढून बाजूला ठेवला, पिना काढून ओंजळभर केस मोकळे सोडले. इंजिनिअरचा हेडफोन सुलट घातला. दादा मधोमध. मग तो उलटा घातला.

दादा उजवीकडे गेला. दाणाभर नाही, चांगला बोटभर.

तिने शाळेच्या खोक्यांतलं एक खोकं उघडलं. सुलट, मधोमध. उलट, उजवीकडे. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, सहाव्यापर्यंत तेच. मग तिने कपाटाचा खालचा खण ओढला. तिथे दादाने स्वतः लावलेला जुना जोड फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा, सगळ्या जोडांचा आजोबा, ज्याच्यात खोट निघणं शक्यच नाही. तो तिने सुलट घातला. दादा किंचित उजवीकडे. उलट घातला. तरी उजवीकडेच, तेवढाच.

म्हणजे चकतीत काही नव्हतं. खोट तिच्या डाव्या कानात होती. आणि आठ महिने ती प्रत्येक हेडफोनच्या डाव्या बाजूला जराशी तिखट चकती निवडून आपल्या कानाचं उणं भरून काढत होती, स्वतःच्या नकळत, आणि वर गादीखाली 'आ' म्हणून सही ठोकत होती.

दादाचा आवाज चालूच होता. एकदा वाजवून बंद करायचं तिला सुचलं नव्हतं, तो पुन्हा पुन्हा फिरत होता. "मी मधोमध आहे का? नसेन तर सांग." किती वर्षांनी ते शब्द तिला शब्द म्हणून ऐकू आले. ती बाकावर बसून रडली, आणि चांगली रडली. तिला भीती वाटत होती आणि लाज त्याहून जास्त वाटत होती. गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. फरक मर्यादेच्या आतला, यंत्र तिच्या बाजूचं, इंजिनिअर बिचारा स्वतःलाच दोष देऊन मोकळा झाला असता. आणि बोललं तर सव्वीस वर्षांची आत्या संपली. ज्या कारखान्यात तिच्या कानाची शपथ घेत, तिथे तिने कान गेला म्हणून कसं सांगायचं? पण शाळेतली पोरं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. नवे कोवळे कान. त्यांना मध्य म्हणजे काय हेच ती चुकीचं शिकवणार होती, आणि तेही दादाच्या नावाने.

भाचा जिना चढून आला तेव्हा ती दारातच उभी होती, केस मोकळे, डोळे लाल. त्याला वाटलं घरी काही बरंवाईट झालं. त्याने पिशवीही खाली ठेवली नाही. आत्याने उभ्या उभ्या सांगितलं, "आजची खोकी पाठवू नकोस. हिवाळ्यापासून लावलेले सगळे जोड चुकलेत. माझा डावा कान गेलाय, आणि मी उलटं घालून बघणं सोडलं होतं."

भाचा सरळ आपल्या टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने यंत्राच्या जुन्या नोंदी काढल्या. एकतीस हेडफोन बाहेर गेलेले, सोळा अजून इथेच. तो एकेक ओळ खाली सरकवत गेला. प्रत्येक जोडातला फरक मर्यादेच्या आतच होता, पण दर वेळी डावी बाजू वरचढ. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वेळा. आंधळेपणाने जुळवले असते तरी निम्मे उजवीकडे गेले असते. त्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "मी आकडा बघत होतो, आत्या. कोणती बाजू, ते बघितलंच नाही."

हे त्याने तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. तो खरंच स्वतःवर चिडला होता. त्याने शाळेला फोन लावून सांगितलं की आमच्याकडून चूक झाली आहे, दोन आठवडे द्या. बाहेर गेलेले हेडफोन परत मागवायला कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी केली. मग इंजिनिअरला फोन लावला, पण आत्याने तो हातातून घेतला. तिने इंजिनिअरला सांगितलं की चूक माझ्या कानाची आहे, तुमच्या नाही, आणि तुमच्या गायिकेची मी माफी मागते. तो एवढंच म्हणाला की तुम्ही सांगितलंत हे फार झालं, आता मला झोप लागेल. बिचारा आठ दिवस आपण म्हातारे झालो म्हणून घाबरला होता.

फोन ठेवल्यावर आत्याने भाच्याला सांगितलं की उद्यापासून मला गादीवालीच्या शेजारी बसव, हात अजून चालतो माझा. भाच्याने आधी कान दाखवून ये म्हटलं आणि विषय बदलला. गादीवालीने मात्र आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची लावून ठेवली. तिने ती मायेनेच लावली होती, पण आत्या त्या खुर्चीकडे न बघता पुढे गेली.

कान तपासणारी तरुण मुलगी होती, पण बोलायला धीराची. तिने आत्याला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक सूर ऐकवले आणि कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. उजवा कान वयाच्या मानाने ठणठणीत. डाव्या कानात वरच्या पट्टीतला बारीक आवाज उणा झाला होता आणि तो परत येणार नव्हता. पण तो आणखी बिघडेल असंही तिला वाटत नव्हतं. बोलणंचालणं, फोन, बाजारहाट, कशालाच अडचण नाही, असं तिने हसून सांगितलं. आत्या हो हो म्हणत राहिली. बाजारहाट कोण विचारत होतं!

त्या संध्याकाळी गॅलरीत बसून तिने नवऱ्याला तो कागद दाखवला. त्याने दोन्ही रेघा नीट पाहिल्या. चिडवायची एवढी आयती संधी पुन्हा आली नसती, पण त्याने ती सोडली. तो सांगू लागला की शेवटची सहा वर्षं त्याच्याकडे जी बस होती ती सतत डावीकडे ओढायची. दुरुस्त करून करून मेकॅनिकने हात टेकले. पहिला आठवडा त्याला वाटलं की ही गाडी आपल्याच्याने चालायची नाही. "मग मी तिच्याशी भांडणं सोडलं. किती ओढते ते मोजलं आणि स्टिअरिंग तेवढं उजवीकडे धरायला लागलो. सहा वर्षांत एक ओरखडा नाही. गाडी किती ओढते हे ठाऊक असलं की ती सरळच जाते, अगं. घात होतो तो ती ओढत नाही असं समजून चालवली की."

आत्याने कागद हातात घेतला आणि ती त्या दोन रेघांकडे बघत राहिली. तिला दादाचा जुना जोड आठवत होता. सुलट घातला तर दादा किंचित उजवीकडे. उलट घातला तर तेवढाच उजवीकडे. आणि तो जोड तर खरा होता, त्याच्याएवढा खरा जोड कारखान्यात दुसरा नव्हता. मग ती उठून आत गेली, चपला घालून परत आली, पुन्हा चपला काढल्या, कारण कारखाना आता बंद झाला असणार हे तिच्या लक्षात आलं. नवऱ्याने विचारलं काय झालं. ती म्हणाली सकाळ कधी होते बघते.

सकाळी तिने भाच्याला धरलं. सव्वीस वर्षं मी आवाज मधोमध आला की जोड खरा म्हणत होते, ती म्हणाली, आता ते सोडायचं. दोन्ही वेळा आवाज सारखाच सरकला की जोड खरा. सरकण्यात फरक पडला, की खोटा. भाचा विचारात पडला. मग तीच म्हणाली की माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणू नकोस, परीक्षा घे. बारा जोड लाव, काही खरे, काही खोटे, मला पाठमोरी बसव, आणि कोणते कुठले ते कागदावर लिहून खिशात ठेव.

भाच्याने परीक्षा घेतली, आणि कडक घेतली. दोन जोड तर त्याने असे लावले की फरक यंत्रालाही जेमतेम दिसावा. सुतार, गादीवाली, तारा जोडणारे दोघे, सगळे कामं टाकून दारात उभे. आत्याने चष्मा काढून ठेवला आणि केस मोकळे सोडले. सुलट, उलट, खरा. सुलट, उलट, खोटा. एकेका जोडाला ती पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घेत होती आणि दर जोडानंतर डोळे मिटून थोडी थांबत होती. बारा झाल्यावर भाच्याने खिशातला कागद काढला. अकरा बरोबर होते. चुकला तो नववा, आणि तिथे आपण घाई केली हे आत्याने कागद उघडायच्या आधीच सांगितलं होतं.

भाच्याने कागदाची घडी घातली. गादीवाली आपल्या खोलीत गेली आणि तिने शेजारची खुर्ची उचलून कोपऱ्यात, होती तिथे, नेऊन ठेवली. आत्याने ते पाहिलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती उगाचच सुतारावर डाफरली, लेथ काय तुझी वाट बघत बसलीय का म्हणून. त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. भाचा नोंदींमध्ये आकड्याशेजारी बाजू लिहू लागला. आणि आत्याचा 'आ' एका वाटीऐवजी दोन्ही वाट्यांत पडू लागला, डावीकडचा सुलट ऐकल्याचा आणि उजवीकडचा उलट ऐकल्याचा. म्हणजे चष्म्याच्या नावाखाली पळवाट काढायची सोयच राहिली नाही. चष्म्याला तिने गळ्यात अडकवायची दोरी लावली. आठ महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर!

पहिला हेडफोन तिने इंजिनिअरचा लावला. तो न्यायला तो स्वतः आला, धापा टाकत जिना चढला आणि बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसला. आपल्या गायिकेचं मूळ रेकॉर्डिंग, न सरकवलेलं, त्याने सोबत आणलं होतं. त्याने ते ऐकलं. आत्याने हाताने खूण केली, तसा त्याने हेडफोन उलटा घालूनही ऐकलं. मग त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आली," तो म्हणाला. "मध्ये आली."

त्याने आत्यालाही ती गायिका ऐकवली. आत्याला ती किंचित उजवीकडे उभी दिसली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. किती उजवीकडे ते तिला माहीत होतं. आवाज गोड होता, तिने मनापासून दाद दिली.

तो गेल्यावर तिने शाळेचं पहिलं खोकं पुढे ओढलं. दार लावलं, पडदा सारला, हेडफोन सुलट चढवला आणि दादाचा आवाज लावला. त्याने घसा खाकरला आणि नेहमीचं विचारलं. दादा आता कपाळाच्या मध्ये नव्हता. तो जरासा उजवीकडे होता, तिच्या उजव्या हाताला, बाकावर पंधरा वर्षं तो जिथे बसायचा त्याच बाजूला.

"नाहीस," आत्या म्हणाली. अकरा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच उत्तर दिलं. "थोडा इकडे आहेस."

मग तिने हेडफोन काढला, उलटा केला, पुन्हा चढवला आणि ऐकलं. दादा तिथेच होता, तेवढाच. तिने पेन्सिल घेतली, डावी गादी उचलून 'आ' लिहिला, मग उजवी उचलून 'आ' लिहिला, आणि दुसरं खोकं उघडलं.